मौजे चंद्र, तालुका भोकरदन

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या जमिनीत गेली. स्वतःच्या नावावर दीड गुंठ्यातलं एक घर आहे आणि ते मी आजवर मोजलेलं नाही. बायको म्हणते, मोजू नका, शेजाऱ्यांशी बरं चाललंय. भूकरमापक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला घरातून मिळालेलं हे प्रशस्तिपत्र आहे आणि मला ते मान्य आहे.

जालना जिल्हा एक्क्याऐंशी साली झाला. मीही त्याच साली नोकरीला लागलो. त्यामुळे जिल्ह्याचं आणि माझं वय मी कायम बरोबरीनं धरत आलो. भोकरदन, अंबड, पुन्हा भोकरदन अशा माझ्या बदल्या झाल्या. बदली कुठंही झाली तरी काम एकच, लोकांना त्यांची हद्द दाखवायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं मोजणीदार जमीन मोजतो. खरं म्हणजे तो दगड शोधतो. पूर्वी आमच्याकडं तेहतीस फुटांची लोखंडी साखळी असायची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. पण साखळी कुठून धरायची, हे जुना हद्दीचा दगड सांगतो, म्हणून आमचा अर्धा दिवस त्या दगडाच्या शोधात जायचा. अंबडकडं एका मोजणीला दगड काही केल्या सापडेना. गाववाले मदत करत होते, लगतचा शेतकरी मात्र सकाळपासून एकाच जागी मांडी घालून बसलेला. जेवला तिथंच, पान खाल्लं तिथंच. शेवटी त्याला हात धरून उठवलं तर खाली दगड. तो म्हणाला, "मला काय ठाव, मी आपला सावली बघून बसल्तो." आसपास झाड नव्हतं.

कामाची रीत मात्र पक्की. अर्ज येतो, त्याला मोजणी रजिस्टरचा नंबर पडतो, लगतच्या सगळ्यांना नोटिसा जातात आणि ठरल्या तारखेला आम्ही नकाशा घेऊन जातो. नोटीस न देता कुणाच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. आणि एकदा रजिस्टरला नंबर पडला की ते प्रकरण जिवंत झालं. मग ते एकतर मोजायचं, नाहीतर कारण लिहून निकाली काढायचं. मधे तिसरी वाट नाही. या रीतीपायीच माझ्या टेबलावर चंद्र आला.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. मी तेव्हा भोकरदनला होतो. एका सकाळी आवक टपालाच्या गठ्ठ्यात एक अर्ज सापडला. अर्जदार मोतीलालजी, धंदा आडत. गाव, चंद्र. तालुका, भोकरदन. क्षेत्र एक एकर. मोजणीचा प्रकार, पोटहिस्सा, म्हणजे एकत्र जमिनीचे वाटे पाडून देणं. सहधारक चंपालाल, सख्खा भाऊ, राहणार शेजारी. चतुःसीमेच्या रकान्यात पूर्वेस चंद्र, पश्चिमेस चंद्र, दक्षिणेस आणि उत्तरेसही चंद्र. वर तिकीट, खाली सही आणि कोपऱ्यात आमच्याच कार्यालयाचा ताजा नंबर.

मी आवकच्या शिंदेबाईंना बोलावलं. त्या बिलकुल गडबडल्या नाहीत. "रकाना एकबी रिकामा न्हाई, साहेब. तिकीट बराबर हाये. मंग मी नंबर टाकला. गाव कोणतं हाये ते बघायचं काम तुमचं."

बाईंचं बरोबर होतं. मी अर्ज बाजूला ठेवला आणि आठवडाभर त्याच्याकडं बघितलं नाही. तेवढ्यात दुसरा कागद आला, चंपालालजींची लेखी हरकत. तिच्यात एकच वाक्य होतं. मोजणीस आमची ना नाही, परंतु चंद्रावर कोणता दगड धरून मोजणार ते मोजणीदारांनी आधी लेखी कळवावं.

हे वाचून मला घाम फुटला. कार्यालयातले बाकीचे हसत होते, कारण त्यांना दगडाची गोष्ट माहीत नव्हती. ती सांगतो.

मोतीलालजी आणि चंपालालजी हे राजस्थानातून तीन पिढ्यांमागे इकडं आलेल्या घरातले भाऊ. भोकरदनच्या बाजारात एकत्र आडत आणि मागं मोठी जागा. शहाऐंशी साली त्यांनी वाटणी केली आणि मोजणीला मी गेलो. तेव्हा नवा होतो, मिशी नुकती राखली होती. पहिल्या दिवशी पूर्वेच्या दगडापासून मोतीलालजींचा अर्धा हिस्सा मोजला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या दगडापासून चंपालालजींचा. पश्चिमेला दगड दोन होते. एक निजामाच्या वेळचा, नाल्याच्या कडेला मातीत बुडालेला. दुसरा रस्ता रुंद झाला तेव्हा सहा फूट आत आणून बसवलेला. मी दोघांचे हिस्से काढले ते जुना दगड धरून आणि दुसऱ्या दिवशी साखळी लावली ती नव्या दगडाला. मला वर दिसणारा तोच होता.

महिन्यानं दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तेव्हा उमगलं. मधला सहा फुटांचा पट्टा दोन्ही नकाशांत आला होता. कागदावर ती जागा जमिनीपेक्षा सहा फूट जास्त भरत होती. मोतीलालजी म्हणत, पट्टा माझा, माझ्या नकाशात आहे. चंपालालजी म्हणत, माझ्याही नकाशात आहे, आणि रस्त्यात गेलेले सहा फूट मी एकट्यानं का सोसायचे? दोघांचंही खरं होतं. ज्येष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, पण मागणारा हरू शकतो, म्हणून कुणीच मागितली नाही. दोघांनी आपापल्या बिनभांडणाच्या कडेवर भिंत उठवली. मधे सहा फुटांची गल्ली राहिली. गल्लीच्या तोंडाला फाटक आणि फाटकाला दोन कुलपं, एक याचं, एक त्याचं.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. एका मांडवात दोघींची लग्नं झालेली. वाटणीनंतर त्या आपापल्या गच्चीवरून बोलत. सहा फुटांवरून लोणच्याची बरणी द्यायची तर बांबूला पिशवी बांधून द्यायच्या. भाऊ मात्र बोलतच नव्हते. समोरासमोर आले तर एक जण दुकानात शिरे.

आणि मी गप्प बसलो होतो. आधी नोकरी जाईल म्हणून, मग वेळ निघून गेली म्हणून. बाजारातून जाताना मी त्या फाटकाकडं बघायचं टाळत असे. मोजणीच्या धंद्यात चूक सगळ्यांकडून होते, पण चूक दिसल्यावरही तोंड न उघडणं ही माझी स्वतःची कमाई. तिची लाज मला आजही आहे.

तर चंद्राचा अर्ज घेऊन मी मोतीलालजींच्या गादीवर गेलो. ते सत्तरीपुढचे, पण आवाज खणखणीत. मागं भिंतीला टेकवून ठेवलेली एक मोठी फ्रेम होती. आत इंग्रजी अक्षरं, सोनेरी शिक्का आणि चंद्राच्या नकाशावर एक लाल फुली.

"शेठजी, हा काय प्रकार?"

"प्रकार कसला, मोजणीचा अर्ज हाये. नातीनं अमेरिकेहून पाठवलं. दोघा आजोबांच्या नावानं चांदावर एक एकर. पोरगी हुशार हाये, तिला माहीत हाये आमचं." त्यांनी फ्रेमकडं बोट केलं. "आता हे लटकवू कुठं? माझ्या भिंतीला लावलं तर चंपा म्हणणार, भाईजींनी चांद बी घेतला. त्याच्या भिंतीला लावलं तर मी बगायला कसा जाऊ?"

"म्हणून मोजणी?"

"आर्धा-आर्धा करून द्या. दोन फ्रेमा करू. आमची जागा तुमीच मोजल्ती न, जंजाळसाहेब? मंग हे बी तुमीच मोजा." ते हसून बोलत होते. मी मात्र चहा तसाच ठेवून उठलो.

अर्ज निकाली काढायला कारण हवं होतं. "जमीन तालुक्यात नाही" एवढं लिहून सुटलो असतो. पण लिहायला बसलो की चंपालालजींची हरकत पुढं यायची. दगड कोणता धरणार? त्या माणसानं अठरा वर्षांनी मला प्रश्न विचारला होता आणि तोही चंद्राच्या आडून. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं असतं.

तेव्हा मला सुभेदार तांगडे आठवले. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं जनरेटर आणि मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. फौजेत असताना ते अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेले होते, जनरेटर सांभाळायला. दक्षिण ध्रुवाच्या त्या बर्फात त्यांनी एक अख्खं वर्ष काढलेलं. अंबडला असताना मी त्यांचं शेत मोजलं होतं. त्या मोजणीत शेजारी बांधावरून तावातावानं भांडत होता आणि सुभेदार हसत उभे होते. म्हणाले होते, "साहेब, मी जिथं राहून आलो तिथं सात देशांनी बांध घातलेत आणि एकालाबी कुंपण न्हाई." तेव्हा कामाच्या घाईत मी ते कानाआड केलं होतं.

रविवारी एसटीनं जालना, तिथून अंबड करत वडीगोद्री गाठलं. सुभेदार एका जनरेटरचं पोट उघडून बसले होते. सगळं ऐकून त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि दोन चहा सांगितले. मग ऑइलच्या डब्याच्या झाकणावर खडूनं फाका पाडायला लागले.

"हे बगा, हा मधला टिपका म्हंजे ध्रुव. सात देशांनी अशा फाका पाडल्या. कोण म्हणतं आम्ही पयले बघितलं, कोण म्हणतं आम्ही पयले उतरलो. आता ह्या तीन फाका बगा, एकावर एक चढल्यात. तीन देशांच्या नकाशात तीच जागा. ही एक फाक कोणीच मागितली न्हाई, तशीच पडून. आन् दोन मोठे देश म्हणले, आम्ही आत्ता काय मागत न्हाई, पण पुढं मागू शकतो, ध्यानात ठेवा."

"मग भांडण?"

"व्हायचंच होतं. वहिवाट दाखवायला एक-एक करून राह्यले होते. कोणी डाकघर टाकलं, कोणी तिकिटं छापली. एका देशानं तर पार अठ्ठ्याहत्तर साली गरवार बाईला नेऊन तिथं बाळंतपण केलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आपल्याकडं नसतं का, बांधावर म्हैस बांधायची आन् म्हणायचं दहा वर्षांपासून बांधून राह्यलो."

मी हसलो. असल्या म्हशी मी ढिगानं पंचनाम्यात लिहिल्या होत्या.

"त्या बाळंतपणाच्या लई आधीच सगळे एकत्र बसले होते, एकोणसाठ साली. कागद केला. त्या कागदात कोणाचा हक्क खरा म्हणलं न्हाई, साहेब, आन् कोणाचा खोटा बी म्हणलं न्हाई. ज्याचा नकाशा त्याच्याजवळ. फक्त कागद चालू असेस्तोवर तिथं कोणी काय बी केलं तरी ते वहिवाटीत धरायचं न्हाई. डाकघर टाका, बाळंतपण करा, हक्क एक बोट वाढणार न्हाई. आन् बंदूक न्यायची न्हाई. मी फौजी, पण पाना घेऊन गेल्तो."

"आपलं ठाणं कुणाच्या फाकेत होतं?"

"दुसऱ्याच्याच. कागदावर ती जागा एका परक्या देशाची. पण आम्हाला कोणी ऊठ म्हणलं न्हाई. शेजारी रशियनांचं ठाणं. त्यांचा एक पार्ट मी घासून दिल्ता, त्यांनी आम्हाला काळी रोटी आणि लोणी दिलं. आणखी एक कलम हाये त्यात, मला लई आवडतं. कोणत्याबी देशानं दुसऱ्याच्या ठाण्यात कधीबी जावं आन् तपासावं. दार बंद ठेवायचं न्हाई. तपासायला आलेला माणूस थंडीत कुडकुडत येतो, मंग त्याला पयले चहा द्यावाच लागतो. चहा पिल्यावर कोण काय तपासतंय?"

"आणि चंद्र?"

सुभेदारांनी खडू झटकला. "त्याचाबी कागद हाये. कोणत्याच देशानं तिथं मालकी सांगायची न्हाई, असं आधीच ठरवून ठेवलंय. ध्रुवावर आधी बांध घातले आन् मंग कागद केला, चांदाचा कागद जायच्या आधी केला. एवढी अक्कल आली लोकांना. आता कोणी तरी म्हणतंय की त्यात देशांना मनाई हाये, माणसाला न्हाई, म्हणून इकून राह्यलेत. फ्रेम चांगली असंल तर लावा भिंतीला." मग पाना पुन्हा उचलत म्हणाले, "पण उद्या खरंच लोकं जातील, साहेब. तिथं बी म्हणतात टोकाला बर्फ हाये, म्हंजे पाणी. सगळे त्याच जागेवर उतरणार. तवा कामाला येईल हे."

परतीच्या गाडीत मी सुभेदारांच्या कागदाचं मराठी केलं. ध्रुवाच्या जागी गल्ली घातली आणि सात देशांच्या जागी दोन भाऊ.

पुढच्या गुरुवारची दोघांनाही रीतसर नोटीस काढली, "मोजणी प्रकरण मौजे चंद्र, चौकशीकामी हजर राहावे." जागा, गल्लीचं फाटक. नोटीस सरकारी होती म्हणून दोघं आले. फाटकाच्या एका बाजूला मोतीलालजी खुर्चीवर, दुसऱ्या बाजूला चंपालालजी स्टुलावर, दोघांची तोंडं रस्त्याकडं. गच्च्यांवर दोन बहिणी उभ्या. बाजारातले दहा-वीस लोकही जमले, चंद्राची मोजणी कोण सोडील?

मी आधी हरकतीचं उत्तर दिलं. म्हणालो, "चंपालालजी, तुम्ही विचारलंत कोणता दगड. शहाऐंशी साली मी चुकीचा दगड धरला. दोन दगड होते, दोन्ही नोंदवून तुम्हा दोघांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, आणि पुढं कळलं तेव्हा सांगितलं नाही. ही गल्ली माझ्यामुळं पडली."

मोतीलालजी रस्त्याकडं बघतच बोलले. "अठरा साल लागले बोलायला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"साखळी लावली त्याच दिवशी. रस्त्याचा दगड हाये तो, आम्हाला न्हाई कळणार? पण मी बोललो असतो तर लोकं म्हणले असते, भाईजी आपल्या फायद्याचं बोलून राह्यले."

"मला बी माहीत होतं," चंपालालजी स्टुलावरून म्हणाले. अठरा वर्षांत थोरल्या भावाच्या बोलण्याला त्यांनी जोडलेलं ते पहिलं वाक्य होतं. दोघांनाही ते उशिरा लक्षात आलं आणि दोघंही खाकरले.

मी लगेच कागद काढला. खरं तर हे माझ्या अधिकारात बसत नव्हतं, आपसातला समझोता म्हणून मी फक्त लिहून आणला होता. वाचून दाखवला. दोन्ही नकाशे जिथल्या तिथं राहतील. कुणी कुणाचा हक्क कबूल केला असं होणार नाही आणि नाकारला असंही होणार नाही. आजपासून गल्लीत कुणी खाट टाकली, पापड वाळत घातले, तरी ती वहिवाट धरली जाणार नाही. वीट रचायची नाही, खांब रोवायचा नाही. चंद्रावरचा एकर सामाईक राहील आणि फ्रेम गल्लीत लागेल. आणि दोन्ही पक्षांना एकमेकांच्या हद्दीत शिरून, गल्लीत काही बांधकाम चाललंय का, हे कधीही विनानोटीस तपासता येईल.

"विनानोटीस?" मोतीलालजींनी मान वळवली. "म्हंजे हा माझ्या घरात कदीबी घुसणार?"

"तुम्हीही त्यांच्या घरात जाऊ शकता."

"मी न्हाई जात कुठं. मी मोठा हाये."

"मला मंजूर," चंपालालजी म्हणाले. "पन भिंतीला दार कुठाय? तपासायला काय भिंत चढून जाऊ?"

हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. दोन्ही भिंतींना गल्लीकडं एकही दार नव्हतं. तेवढ्यात गच्चीवरून थोरल्या जतनबाईंचा आवाज आला. "गवंडी उद्या येतो. मी सांगून ठेवलंय." धाकट्या सूरजबाई आपल्या गच्चीवर तोंडाला पदर लावून हसत होत्या. दोघींचं बांबूच्या पिशवीतून आधीच ठरलेलं असावं.

सह्या झाल्या. दोन किल्ल्या आल्या. एक कुलूप गंजलं होतं, ते फोडावं लागलं आणि कुणाचं फुटलं यावरून पुन्हा थोडी कुरबूर झाली. आत गुडघाभर पालापाचोळा, तीन चेंडू आणि एक पतंग निघाला. तीन दिवसांत समोरासमोर दोन दारं झाली. पहिल्या दुपारी दोघी बहिणी गल्लीत एकाच सतरंजीवर बसून बड्या, म्हणजे डाळीचे सांडगे, घालत होत्या. मी रस्त्यावरून बघितलं आणि सायकल थांबवून उगाच चेन बघत बसलो, कारण डोळ्यांचं पाणी बाजारात कुणाला दाखवायचं नव्हतं.

कार्यालयात मी रजिस्टरला शेरा मारला, "पक्षकारांनी क्षेत्र सामाईक ठेवण्याचे ठरविल्याने मोजणीची आवश्यकता उरली नाही. प्रकरण निकाली." वरिष्ठांनी तपासणीत तो वाचला, चंद्र हे गाव कुठल्या मंडळात येतं ते विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सही केली.

आता पेपरात वाचतो की अमका देश चंद्रावर तळ करणार, तमका मंगळावर माणसं पाठवणार. माझा या लोकांना हक्कानं सल्ला आहे. पहिल्या यानात मोजणीदार नेऊ नका. आम्ही लोक रेघ मारतो आणि आमच्या हातून दोन दगडांचा घोळ होतो. यानात एखादा सुभेदार न्या, ज्याला शेजारच्याचं जनरेटर दुरुस्त करता येतं. एखादी फाक कुणाचीच न ठेवता सोडून द्या. दोन नकाशे एकमेकांवर चढले तर कुठला खरा ते लगेच ठरवायला बसू नका, माणसं दमू द्या. आणि भिंत बांधायचीच असेल तर दार आधी पाडा, कारण नंतर गवंडी मिळेलच असं नाही.

गल्लीत करार कसा चालला ते सांगायचं राहिलं. चंपालालजी रोज चारच्या सुमाराला तपासणीला जात. दारातूनच मोठ्यानं म्हणत, "तपासनी." भावाच्या ओसरीवर बसत, भिंतीवर नजर टाकत, चहा पीत आणि बाजारभावावर वाद घालून परत येत. एकही दिवस खाडा नाही. मोतीलालजी मात्र गल्लीतल्या फ्रेमपाशी येऊन थांबत. पलीकडच्या दारात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. थोरल्यानं धाकट्याकडं आधी जायचं नाही, हा त्यांचा हिशेब. दिवाळी झाली, संक्रांत झाली, दोघी बहिणी दिवसातून दहा वेळा इकडून तिकडं जात होत्या, आणि शेठजी चंद्राच्या फ्रेमपर्यंत येऊन मागं फिरत होते.

मग फेब्रुवारीत एक दिवस शिंदेबाईंनी माझ्यापुढं एक कागद ठेवला. मोतीलालजींची लेखी तक्रार होती. "हरकतदार चंपालाल हे दोन दिवसांपासून करारानुसार तपासणीस आलेले नाहीत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी."

मी गेलो. शेठजी गल्लीत उभे होते, पायात चपला, डोक्याला टोपी, म्हणजे तयार होऊनच.

"बुखार हाये म्हणे," ते म्हणाले. "बायका सांगून राह्यल्या, घाबरायचं काय न्हाई. पन बायकांचं काय खरं? तुमी जाऊन बगा न, साहेब."

"मला हक्क नाही, शेठजी. तपासणीचा हक्क पक्षकारांना आहे."

"मी मोठा हाये."

"करारात मोठा-धाकटा लिहिलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं. मग समोरच्या दाराकडं बघितलं. काठी उचलली आणि सहा फूट चालून आत गेले. मी मागं होतो. अंगणात ते थांबले. वाटणीनंतर बांधलेलं ते घर, त्यात त्यांचा पाय कधी पडला नव्हता. चार दारं होती. ते एकेका दाराकडं बघत राहिले आणि मग माझ्याकडं वळून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुठली खोली?"

घराच्या नोंदीसाठी मी ते घर मोजलेलं होतं. "उजवीकडची दुसरी," मी म्हणालो. निदान हे माप तरी बरोबर होतं.

चंपालालजी शाल घेऊन पडले होते. भावाला दारात बघून उठायची धडपड करायला लागले. "भाईजी? न नोटीस, न काय."

"नोटीस लागत न्हाई," मोतीलालजी म्हणाले आणि खाटेच्या कडेला बसले. कपाळाला हात लावला, तो तिथंच ठेवला. "दोन दिवस झाले. काम कोण करणार तुझं?"

सूरजबाई चहा टाकायला आत गेल्या. मी गल्लीत येऊन बसलो. आतून दोघांचे आवाज येत होते, आणि दोघंही एकाच वेळी बोलत होते.